अठरा जणांचा एक टाइपरायटर

मित्रांनो, तिवसा येथील तुमच्या शाळेत, नकाशांच्या कपाटाशेजारी एक काळे, जड यंत्र ठेवलेले तुम्ही येता-जाता पाहता. कोणी त्याला शिवणाचे यंत्र म्हणते, कोणी तिकिटाचे. तो मी. मी मराठी टाइपरायटर आहे. शाळेत येऊन मला चारच महिने झाले. त्याआधीची माझी सारी वर्षे अमरावतीत गेली. आज शनिवार आहे, शाळा लवकर सुटली आहे, तेव्हा ती हकीकत सांगतो.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझे बहुतेक भाऊ इंग्रजी अक्षरांचे होते. मला मात्र देवनागरी अक्षरे बसवली. माझी अक्षरे मोठी गमतीची आहेत. बरीचशी अर्धीच आहेत. अर्धा 'म' उमटवायचा आणि त्याला काना जोडायचा, की पुरा 'म' होतो. कारखान्यातल्या कारागिरांना मराठी येत नव्हते, पण त्यांनी एकेक अक्षर भिंग लावून तपासले होते. १९५८ साली मला लाकडी खोक्यात घालून रेल्वेने बडनेऱ्याला पाठवले आणि तिथून टांग्यातून अमरावतीला.

अंबागेटच्या आत, एका कापडदुकानाच्या माडीवर केशवरावांचा टायपिंगचा क्लास होता. केशवराव पूर्वी कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत टायपिस्ट होते. अंगात पांढरा सदरा, डोळ्यांवर जाड चष्मा. क्लासमध्ये पाच इंग्रजी यंत्रे होती, मी सहावा. पहिली काही वर्षे माझ्याकडे कोणी फिरकलेच नाही. नोकऱ्या इंग्रजी टायपिंगवर मिळत. मुले येत, माझ्यावर टोप्या आणि छत्र्या ठेवत आणि इंग्रजी यंत्रांवर बसत. केशवराव मात्र दर रविवारी माझी खोळ काढून मला पुसत, तेलाचा थेंब देत आणि म्हणत, "तुह्ये बी दिवस येतील."

ते दिवस आले आणि असे आले की माझा जीव मेटाकुटीला आला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर हळूहळू कचेऱ्यांत मराठीतून कागद लिहिले जाऊ लागले. कारकुनांना मराठी टायपिंगची परीक्षा द्यावी लागणार, असे बोलले जाऊ लागले. बघता बघता केशवरावांकडे मराठी शिकणारे अठरा जण झाले. यंत्र मात्र मी एकटाच. दुसरे मागवले होते, पण ते वर्षभर येणार नव्हते.

अठरा जणांनी एक यंत्र कसे वापरायचे, याचा काही नियमच नव्हता. जो आधी येईल तो बसे आणि त्याला वाटेल तेव्हा उठे. एकाने शिफ्टची कळ दाबून अडकवून ठेवली, तर पुढच्याच्या साऱ्या ओळी भलत्याच अक्षरांत उमटत. एकाने समास बदलला, की दुसऱ्याचे शब्द कागदाच्या कडेबाहेर जात. एकदा तर दोघांनी "माझी बारी," "नाही, माझी," म्हणत एकदमच माझ्यावर बोटे ठेवली. माझ्या अक्षरांच्या दोन दांड्या एकाच वेळी उठल्या, कागदापाशी एकमेकींत अडकल्या आणि एक वाकली. एका क्षणी मी एकाच बोटाचे ऐकू शकतो, मित्रांनो. दोघे बोलले तर मी कोणाचेच ऐकू शकत नाही.

या सगळ्यांत सर्वांत आधी येणारा माणूस म्हणजे उत्तमराव. हे कलेक्टर कचेरीत कारकून होते. वय चाळिशीच्या पुढचे, आवाज मोठा, बोटे जाड. माणूस वाईट नव्हता. पण परीक्षेची त्यांनी धास्ती घेतली होती. सकाळी सातला क्लास उघडायचा. ते पावणेसातलाच जिन्यावर उभे असत. एकदा बसले की नऊपर्यंत उठत नसत.

आणि सर्वांत शेवटी येणारी म्हणजे शकुन. बडनेरा रस्त्यावर तिच्या मामांचा भाजीचा बगीचा होता. ती आणि तिची आई माणिकबाई तिथेच राहून राबत. पहाटे भाजी तोडायची, जुड्या बांधायच्या, आईबरोबर बाजारात न्यायची आणि मग क्लासला यायचे. तोपर्यंत साडेआठ वाजलेले असत. तिच्या बोटांना मेथीचा वास येई. ती बाकावर बसे, माझ्याकडे बघत राही. नऊ वाजता उत्तमराव उठले की दुसरा कोणी पुढे होई. तिने कधीही "आता मी" असे म्हटले नाही. आठवड्यातून एखादे वेळी तिला दहा मिनिटे मिळत. त्या दहा मिनिटांत तिची बोटे माझ्यावर इतकी हलकी पडत, की मला विश्रांती मिळाल्यासारखे वाटे.

शकुनला घाई होती, हे केशवरावांना ठाऊक होते. तिचे वडील जानराव अकोल्याच्या एका कचेरीत शिपाई होते. नोकरीत असतानाच ते वारले. तिथल्या साहेबांनी माणिकबाईंना शब्द दिला होता, की मॅट्रिक झालेली पोरगी जुलैपर्यंत मराठी टायपिंग पास झाली, तर तिला टायपिस्ट म्हणून घेऊ. त्यानंतर ती जागा दुसऱ्याची होणार होती. परीक्षा मे महिन्यात होती. त्यानंतरची परीक्षा थेट नोव्हेंबरात.

एक दिवस असे झाले. उत्तमराव माझ्यावर सरावाचा नव्हे, खरा अर्ज टाइप करत होते. त्यांच्या आईची तब्येत बिघडली होती आणि त्यांना रजा हवी होती. अर्धा अर्ज झाल्यावर ते कागद तसाच ठेवून खाली चहा प्यायला गेले. तेवढ्यात एक नवीन विद्यार्थी चौकशीला आला. केशवरावांनी त्याला जवळ बोलावले. "हे पाहा, बोटं अशी ठेवायची," असे म्हणत त्यांनी उभ्याउभ्याच एक ओळ झरझर टाइप करून दाखवली. ती ओळ ते नेहमी प्रत्येक नव्या मुलाला दाखवत. तीत बरीच अक्षरे येत. कागद कोणाचा आहे, हे त्यांनी पाहिलेच नाही. विद्यार्थी चार-पाच दिवसांनी येतो म्हणून निघून गेला. इंग्रजी यंत्रांवरची मुले पाठमोरी होती, मराठीचे बाकीचे खाली रस्त्यावर गप्पा मारत होते. हे पाहिले फक्त बाकावर बसलेल्या शकुनने आणि मी.

उत्तमराव परत आले, कचेरीची वेळ होत आली होती, त्यांनी मागचे वाचून न पाहता घाईघाईने उरलेला अर्ज पुरा केला, सही ठोकली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते सातला आलेच नाहीत; नऊच्या सुमारास जिन्यावरून धाडधाड वर आले. हातात तोच अर्ज होता. त्यात लिहिले होते, 'माझ्या आईची प्रकृती बरी नसल्यामुळे मी बकरी पाला खाते आणि ढगाकडे बघते दिनांक बारापासून चार दिवस रजेवर'. आणि समासात साहेबांनी लाल पेन्सिलीने विचारले होते, 'बकरी कोणाची?'

"साऱ्या कचेरीत हसले माह्यावर!" उत्तमराव ओरडले. "काल मी चहाले गेलो, तवा मशिनीजवळ कोण होतं?" मग त्यांची नजर बाकाकडे गेली. "तूच होती ना वं? दुसऱ्याच्या कागदावर हात चालवतं? बारी भेटत नाही म्हणून असा सूड काढतं काय?"

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर मी बोललो असतो. पण मला कळ दाबल्याशिवाय शब्द फुटत नाही. शकुन उभी राहिली. तिने एकदा केशवरावांकडे पाहिले. ते दुसऱ्या टोकाला एका यंत्राची रिबीन बदलत होते, आणि अर्जात बकरी आल्यावरून काहीतरी गडबड चालली आहे, एवढेच त्यांच्या कानावर पडले होते. तिने मान खाली घातली, चप्पल घातली आणि जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी तो नवा विद्यार्थी पहिल्या धड्याला आला. केशवराव त्याला म्हणाले, "बोटं अशी ठेवायची." आणि त्यांची बोटे सवयीने चालू लागली. 'बकरी पाला खाते आणि ढगा...' इथे ती थांबली. त्यांनी चष्मा काढला. पुन्हा लावला. उमटलेली अक्षरे पुन्हा वाचली. मग त्यांनी टोपी घेतली आणि क्लास तसाच उघडा टाकून ते बडनेरा रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता केशवरावांच्या निरोपावरून सारे जण हजर होते. केशवराव आले, त्यांच्यामागे शकुन आणि तिच्यामागे माणिकबाई. नऊवारी लुगडे कसून नेसलेली, उन्हाने रापलेली बाई. ती दाराशीच उभी राहिली.

केशवराव सर्वांसमोर म्हणाले, "उत्तमराव, तुमच्या अर्जात ते बकरीचं वाक्य मी टाइप केलं. या पोरीनं नाही. मी त्या नव्या पोराले शिकवून राहिलो होतो, कागद पाहिलाच नाही. चूक माही आहे. तुमच्या साहेबांना मी स्वतः चिठ्ठी देतो."

उत्तमरावांचा चेहरा उतरला. माणिकबाईने लेकीकडे पाहिले.

"अन् तुले मालूम होतं हे?"

"हो," शकुन म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही?"

"मास्तरायले साऱ्यायसमोर कसं म्हणू, आई?"

केशवरावांनी मान खाली घातली. उत्तमराव पुढे झाले आणि म्हणाले, "चुकलो बाप्पा मी. तुले नाही नाही ते बोललो." त्यांचा तो मोठा आवाज त्या दिवशी फारच लहान झाला होता. माझ्या अंगावरून कोणीतरी मणाचे ओझे उतरवावे तसे मला झाले. चार दिवस खरे काय ते मला माहीत होते, आणि ते माझ्याकडेच पडून होते.

माणिकबाई निघाली नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवले. "मशीन एकच हाय काय?"

"एकच."

"अन् माणसं अठरा? मंग भांडणं नाही होईन तं काय होईन! मास्तर, आमच्या बगीच्यात विहीर एक अन् वाफे पंचवीस हायेत. एका वाफ्यात पाणी सोडलं का बाकीच्यायची तोंडं मातीनं बंद करा लागते. दोन तोंडं उघडी राहिली तं दोन्ही वाफे अर्धे कोरडे. अन् एका वाफ्याचं भरलं का त्याचं तोंड नीट बुजवूनच दुसरं फोडायचं. काल जिथं पाणी थांबलं, तिथूनच आज सुरू करायचं. नाई तं टोकाचा वाफा वाळूनच जाते, तो काही बोंबलत नाही."

 वीस वर्षे क्लास चालवणाऱ्या माणसाला जे सुचले नव्हते, ते त्या बाईने एका दमात सांगितले होते.

त्याच दिवशी केशवरावांनी सुताराकडून एक लाकडी पाटी करून आणली आणि तिच्यावर लिहिले, 'बारी'. ही पाटी ज्याच्याजवळ असेल त्यानेच मला हात लावायचा. दुसऱ्याने नाही, खुद्द मास्तरांनीही नाही. वीस मिनिटे झाली की केशवराव घंटी वाजवत. चालू ओळ पुरी करायची, आपला कागद काढून घ्यायचा, शिफ्टची कळ सोडवायची, समास जागेवर आणायचा, आणि मगच पाटी पुढच्याच्या हातात द्यायची. नावे वहीत ओळीने लिहिली. एका दिवशी बारी जिथे थांबे, तिथूनच दुसऱ्या दिवशी सुरू होई. बारी येई तेव्हा जो हजर नसे, त्याला आल्यावर पुढची बारी मिळे. ज्यांची बारी नसे त्यांच्यासाठी केशवरावांनी पुठ्ठ्यावर माझ्या कळा हुबेहूब काढून दिल्या. मुले बाकावर बसून पुठ्ठ्यावर बोटे चालवत.

उत्तमरावांनी पहिल्या दिवशी थोडी कुरकूर केली. "मी सगळ्यायच्या आधी येतो, त्याचं काही नाही काय?"

"आधी येणं तुमच्या हातात हाय," केशवराव म्हणाले. "बाजार उठवून येणं तिच्या हातात नाही."

आठवड्याभरात सगळे सुरळीत झाले. माझ्या दांड्या अडकेनाशा झाल्या. माझ्यावर बसताना कोणी मागे वळून बघेना, कोणी धसमुसळेपणा करेना. वीस मिनिटे आपली आहेत आणि पुढची बारीही ठरलेली आहे, हे प्रत्येकाला माहीत होते. गंमत अशी, की पूर्वी दोन-दोन तास बसून उत्तमरावांचा जो वेग वाढत नव्हता, तो वीस मिनिटांत वाढू लागला. आणि शकुन! तिची बोटे एप्रिलच्या अखेरीस अशी पळू लागली, की मला दम घ्यायला फक्त ओळ संपल्याची घंटी वाजे तेवढाच वेळ मिळे.

मे महिन्यात परीक्षा आली. केंद्र अकोल्याच्या एका शाळेत होते. त्या काळी उमेदवाराला यंत्र आपले न्यावे लागे. त्या खेपेला आमच्या क्लासमधून दोघेच बसले होते, उत्तमराव पहिल्या तुकडीत आणि शकुन दुसऱ्या तुकडीत. एकाचे झाले की दुसऱ्याने बसायचे, असे ठरले होते. माणिकबाईने आपल्या गोधडीत मला गुंडाळले आणि बडनेऱ्याहून पॅसेंजरने आम्ही सारे निघालो. मूर्तिजापूरपर्यंत उत्तमरावांनी मला मांडीवर घेतले होते.

अकोल्याचे मे महिन्यातले ऊन तुम्हाला सांगायला नको. शाळेच्या व्हरांड्यात पोचेपर्यंत माझे लोखंड चटके देत होते. आणि तिथे फळ्यावर लिहिले होते, 'उमेदवार कमी असल्याने मराठीच्या दोन्ही तुकड्या एकत्र बसतील. वेळ अकरा.'

दोघे एकाच वेळी, आणि यंत्र मी एकच.

केशवराव धावत पर्यवेक्षकांकडे गेले. ते उंच, करड्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मी काय करू? ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याला बसवता येत नाही. नियम आहे. अकराला उतारा वाचायला देणार."

अकराला सात मिनिटे होती. केशवरावांनी आजूबाजूला पाहिले; दुसऱ्या कोणत्याच क्लासजवळ जास्तीचे मराठी यंत्र नव्हते. शकुन भिंतीला टेकून उभी होती.  माणिकबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

मी उत्तमरावांच्या हातांत होतो.  त्यांनीही रात्रंदिवस या परीक्षेचीच चिंता केली होती. ते चार पावले चालले, खोलीत शिरले, खिडकीजवळचे टेबल पाहिले आणि मला तिथे ठेवले. मग मागे वळून म्हणाले, "बस वं शकुन. माही नोकरी काही जात नाही. फार तं पगारवाढ अडकीन. मी नोव्हेंबरात देईन."

"पण काका..."

"बस म्हणलं ना! टाइम होऊन राह्यला."

शकुन बसली. तिने कागद चढवला. आणि मग, मित्रांनो, जिने वर्षभरात आपल्यासाठी कधी तोंड उघडले नव्हते, ती उभी राहिली आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, दुसऱ्या तुकडीसाठी वेगळा उतारा आला असेल ना? त्याचा लखोटा तं उघडलाच नसेल. आमचं झाल्यावर तो उघडून उत्तमरावकाकांना बसू द्या. तोवर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा, म्हणजे कोणाशी बोलणं नको. त्यांनी आपली बारी मले दिली आहे, सर."

पर्यवेक्षकांनी टेबलाकडे पाहिले. तिथे लाखेने बंद केलेले दोन लखोटे खरोखरच होते. त्यांनी मिशांवरून हात फिरवला. मग ते केंद्राच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. ती तीन मिनिटे मला तीन वर्षांसारखी वाटली. ते परत आले आणि उत्तमरावांना म्हणाले, "शेजारच्या खोलीत बसा. शिपाई बरोबर राहील. बारा वाजता तुमचा दुसरा लखोटा."

केशवरावांनी व्हरांड्यातच खाली बसकण मारली. माणिकबाईने त्यांना तांब्याभर पाणी दिले.

अकरा वाजले. शकुनने माझ्यावर बोटे ठेवली. उष्म्याने माझी रिबीन सुकली होती, तरी मी एकही अक्षर फिके पडू दिले नाही. पाऊण तासाने ती उठली. बारा वाजता उत्तमराव बसले. पहिल्या ओळीला त्यांची जाड बोटे अडखळली, मग मोकळी झाली. एक वाजता आम्ही सारे शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसलो होतो. माणिकबाईने भाकरी आणि मिरचीचा ठेचा सोडला.  उत्तमराव खाता खाताच झोपी गेले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. दोघेही पास. शकुनला अकोल्याच्या कचेरीत जागा मिळाली, जुलै संपायला वीस दिवस असताना. उत्तमरावांनी क्लासमध्ये पेढे वाटले आणि एक पेढा माझ्या रोलरवरही ठेवला. त्याची साखर काढता काढता केशवरावांना नाकी नऊ आले.

पुढच्या वर्षी दोन नवी मराठी यंत्रे आली. ती हलकी, चकचकीत होती. साहजिकच मुले तिकडे गेली. मी टेबलावरून कोपऱ्यात गेलो, कोपऱ्यातून टेबलाखाली. दोन वर्षे माझ्यावर धूळ साचली, एका उंदराने माझी रिबीन कुरतडली. त्या दिवसांत मी खिन्न झालो, हे खरे. मग केशवराव थकले, त्यांनी क्लास आवरला. मला भंगारात न देता त्यांनी तुमच्या शाळेला दिले. जाताना मला तेल दिले, आणि तुमच्या गुरुजींना माझी एकेक कळ दाबून दाखवली.

मित्रांनो, आता तुम्ही मला हाताळाल. माझ्यावर चार-चार जण तुटून पडू नका. माझ्या दांड्या म्हाताऱ्या आहेत. महिन्यातून एकदा तेल द्या. काम झाले की खोळ घाला, धूळ मला फार बाधते. एवढे केलेत तर मी अजून पुष्कळ वर्षे चालेन. पण यापेक्षा मोठे एक मागणे आहे. रांगेत पुढे उभे राहणारे आपोआप दिसतात. न बोलणारे दिसत नाहीत. म्हणून माझ्यासमोर बसण्याआधी एकदा मागे वळून विचारत जा, "कोणी राहिलं का?"